काठावरची गर्दी

जंगल तोडून त्याचा तुकडा उरला, की त्या तुकड्यात दिसणाऱ्या फुलपाखरांच्या जाती पहिली काही वर्षे कमी होण्याऐवजी वाढू शकतात. हे प्रथम वाचले तेव्हा मी ते बाजूला ठेवून दिले होते. येऊरच्या वाटांवर नियमाने फुलपाखरे मोजू लागल्यावर ते पुन्हा हुडकून वाचावे लागले, कारण आमच्या नोंदवह्या तेच सांगत होत्या. सर्वांत लांब याद्या यायच्या त्या डांबरी रस्त्याच्या कडेच्या. कारवीच्या दाट सावलीतून जाणारी आतली वाट मात्र दर वेळी मोजक्या नावांवर आटोपायची. नवखा माणूस या दोन याद्या शेजारी ठेवून सहज म्हणेल, की रस्त्याची कड जंगलापेक्षा समृद्ध आहे. ठाण्यात असे म्हणणारे सगळेच नवखे नसतात, म्हणून हा लेख.

येऊरची डोंगररांग ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली-दहिसर, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे यांच्या इमारती थेट डोंगराच्या पायथ्याला भिडलेल्या आहेत. उत्तरेला घोडबंदर रस्ता जंगलाचा नागला हा भाग तोडून वेगळा करतो. त्यापुढे खाडी आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य. नवी मुंबईकडे वळावे तर पारसिकचा डोंगर खाणींनी कोरलेला आणि खारघरचे डोंगर दर उन्हाळ्यात वणव्याने काळे पडणारे. बिबट्याने रात्री घोडबंदर रस्ता ओलांडला तर दुसऱ्या दिवशी बातमी होते. जो भुंगेरा तो रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ओलांडू शकत नाही, त्याची बातमी होत नाही, आणि मला सांगायचे आहे ते बहुतांशी त्याच्याविषयी.

आधी कडेची मंडळी. कडेला ऊन असते, आणि ऊन असते तिथे टाकळा, रुई, घाणेरी, एकदांडी फोफावतात. टाकळ्यावर पिवळ्या ग्रास यलोच्या अळ्या वाढतात, रुईवर प्लेन टायगरच्या, आणि घाणेरीच्या मधासाठी तर नाना जातींची झुंबड उडते. पावसाळा सरता सरता खुळखुळ्याची वाळकी झुडपे नीट पाहावीत. त्यांच्या शेंगांना आणि सुकलेल्या देठांना ब्लू टायगर व कॉमन क्रो यांचे नर लटकलेले आढळतात. वाळक्या भागांतून ते अल्कलॉइडे शोषून घेतात, त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात, आणि तीच रसायने त्यांना भक्षकांच्या तोंडी बेचव करतात. जवळ गेले तरी ती हलत नाहीत, इतकी त्या कामात गुंग असतात. ही सारी मंडळी मला अतिशय आवडतात. परंतु ती कोलशेतच्या मोकळ्या भूखंडांवर आणि ऐरोलीच्या रेल्वेमार्गाच्या कडेलाही तितक्याच आनंदाने नांदतात. त्यांना जंगल लागत नाही. ऊन, तण आणि कोणी फारसे साफ न केलेली जागा एवढ्यावर त्यांचे भागते.

आतल्या वाटेवरचे ब्लू ओकलीफ हे त्याहून वेगळ्या प्रकृतीचे फुलपाखरू. उडताना पंखांचा गडद निळा रंग आणि त्यावरचा फिकट पट्टा क्षणभर चमकतो, ते खोडावर बसते, पंख मिटते आणि तिथे एक वाळके पान उरते: मधोमध शीर, खाली देठ, पृष्ठभागावर बुरशी धरल्यासारखे डाग. फुलांकडे ते सहसा फिरकत नाही. झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस आणि कुजकी फळे हे त्याचे खाणे. त्याच्या अळ्या कारवीच्या पानांवर वाढतात. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरल्यावर सगळा उतारच्या उतार वाळून जातो. निरनिराळ्या डोंगरांवर फुलण्याची वर्षे थोडी पुढेमागे असतात, त्यामुळे विस्तीर्ण जंगलात कुठेतरी हिरवी कारवी शिल्लक असतेच. एकाच उताराएवढे जंगल उरले असेल, तर तिथली कारवी एकदम जाते आणि पावसात रुजलेली कोवळी रोपे मोठी होईपर्यंत तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना दुसरीकडे जाण्यासाठी दुसरीकडे असे काही नसते.

तुकड्यांचा अभ्यास पद्धतशीरपणे सुरू झाला तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात. ब्राझीलमधील मानौस शहराच्या उत्तरेला गुरांच्या कुरणांसाठी जंगलतोड होणारच होती; तेव्हा थॉमस लव्हजॉय यांनी 1979 साली अशी व्यवस्था करवून घेतली, की तोड करताना 1, 10 आणि 100 हेक्टरांचे चौकोनी तुकडे राखले जावेत. तुकडा पडण्याआधी तिथे काय होते आणि पडल्यावर काय उरले, याची नोंद त्यामुळे शक्य झाली. फुलपाखरांच्या बाबतीत आढळले ते आमच्या नोंदवह्यांशी जुळणारे होते. कडेच्या उजेडात वाढणाऱ्या जाती बाहेरून तुकड्यात घुसल्या आणि यादी फुगली. सावलीत जमिनीलगत उडणाऱ्या, मंद रंगांच्या जाती त्याच काळात ओसरत गेल्या. बेरीज केली तर नफा दिसतो. नावे वाचली तर कळते, की गेले ते फक्त जंगलात राहणारे आणि आले ते कुठेही राहणारे.

यामागचे गणित शाळकरी मुलालाही जमण्याजोगे आहे. कडेवरून वारा शिरतो, पालापाचोळा वाळतो, मोठी झाडे उन्मळतात. हा परिणाम मानौसच्या अभ्यासात काही बाबतींत 300 मीटर आतपर्यंत जाणवला. आता 100 हेक्टरांचा चौकोन घ्या. त्याची बाजू 1 किलोमीटर. चारही बाजूंनी 300 मीटर वजा केले, की मध्ये 400 मीटर बाजूचा चौकोन उरतो, म्हणजे अवघे 16 हेक्टर खरे जंगल. 10 हेक्टरांच्या तुकड्याची बाजू जेमतेम 316 मीटर. त्याला मधला भागच नाही. मोठी भाकरी कडेने करपली तर मधली खाता येते, लहान पुरीची मात्र सगळीच कड होते. आणि ठाण्याकडची जंगले चौकोनीही नाहीत. रस्ता, पाणपुरवठ्याच्या वाहिन्या, विजेचे मनोरे, टेकडीवर चढत गेलेली वस्ती यांनी त्यांची किनार इतकी वेडीवाकडी केली आहे, की क्षेत्रफळाचा आकडा वाचून समाधान मानण्यात फारसा अर्थ राहत नाही.

मानौसच्या निष्कर्षांपैकी माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून राहिले ते शेणकिड्यांचे. बर्ट क्लाइन यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अखंड जंगल आणि लहान तुकडे यांची तुलना केली. तुकड्यांत शेणकिड्यांच्या जाती कमी होत्या, संख्या विरळ होती, आकार लहान होते आणि शेण जमिनीत मुरण्याचा वेगही मंदावला होता. तुकडा आणि जंगल यांच्यामध्ये उघडी जमीन होती, तीही अगदी थोडी. पंख असूनही जंगलातल्या बऱ्याच जाती ती ओलांडत नव्हत्या. येऊरला गुरांच्या पोवावर थांबून पाहिले, तर शेणकिड्यांचे काम दहा मिनिटांत समजते. काही जण शेणाचा गोळा वळून मागच्या पायांनी ढकलत नेतात, काही पोवाखालीच बोगदा खणून शेण खाली ओढतात, आणि काही तिथेच आत संसार थाटतात. सकाळचा ओला पोव दुपारी चाळणीसारखा पोकळ झालेला असतो. या खटाटोपात माशांच्या अळ्यांचे अन्न नाहीसे होते, माती भुसभुशीत होते आणि शेणातून आलेली बी जमिनीत पुरली जाते. जनावरांना दिलेले आयव्हरमेक्टिनसारखे जंतनाशक शेणावाटे बाहेर पडते आणि या किड्यांच्या अळ्यांना मारक ठरते, ही गोष्ट तबेल्यांच्या आसपास फारशी कोणाला ठाऊक नसते. जंगलाचे नुकसान कुऱ्हाडीनेच होते, या समजुतीत अशा गोष्टी बसत नाहीत.

पंखांच्या बळावर कीटकाचा पल्ला ठरत नाही, याचे उलटे उदाहरण उंबराचे. उंबराच्या फळात शिरून परागीभवन करणारी गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी माशी एक-दोन मिलिमीटरची असते आणि तिचे प्रौढ आयुष्य एक-दोन दिवसांचे. जवळजवळ प्रत्येक जातीच्या उंबरवर्गीय झाडाची माशी वेगळी. वडाची उंबराला चालत नाही. उंबरातल्या किड्याला उंबर म्हणजेच जग, असे आपण तुच्छतेने म्हणतो खरे, पण नामिबियातील वाळवंटी नदीकाठच्या अशाच झाडांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आढळले की त्यांच्या माश्या वाऱ्यावर स्वार होऊन 160 किलोमीटरपर्यंत पराग वाहून नेतात. म्हणूनच मासुंदा तलावाच्या परिसरातला एकटा उंबरही फळ धरू शकतो. एकीकडे ही माशी, दुसरीकडे उघड्या पट्ट्यापुढे थबकणारा धडधाकट भुंगेरा. त्यामुळे तुकडे जोडावेत की एकच मोठा तुकडा राखावा, या वादाला सर्व कीटकांपुरते एकच उत्तर मिळत नाही. माझे मत विचाराल तर ठाण्यापुरते दोन्ही हवे: मधला गाभा न छेडणे पहिले, नागला आणि तुंगारेश्वरकडचा दुवा दुसरा. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा डोंगराच्या पोटातून जाणार असल्याने वरचे जंगल दुभंगणार नाही, हा युक्तिवाद कीटकांच्या दृष्टीने बऱ्याच अंशी पटण्याजोगा आहे. लक्ष ठेवायचे ते बोगद्याच्या तोंडाशी येणाऱ्या रस्त्यांवर आणि दिव्यांवर.

दिव्यांचा विषय निघालाच आहे. पतंगांचा अभ्यास करायचा तर दोन काठ्यांना पांढरी चादर बांधायची, तिच्यापुढे दिवा लावायचा आणि बसायचे. पावसाळ्यात तासाभरात चादर भरून जाते: हिरवट, राखी, शेवाळी रंगांचे शेकडो पतंग, मधूनच नाकतोडे, तुडतुडे, आणि नशीब असेल तर तळहाताहून मोठा ॲटलस पतंग. या पतंगाला प्रौढपणी खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दीड आठवडा काढतो आणि त्यातच त्याला जोडीदार शोधायचा असतो. कीटक दिव्याकडे का खेचले जातात, याचे पटणारे उत्तर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाले. उडणारा कीटक उजेडाकडे पाठ ठेवून आपले वर-खाली ठरवतो. आकाशापेक्षा प्रखर दिवा बाजूला आला, की त्याची पाठ त्या दिव्याकडे वळते आणि तो भोवती घिरट्या घालत अडकतो. आमच्या चादरीपुढचा दिवा दोन तासांनी मालवला जातो. घोडबंदर रस्त्याचे पांढरे एलईडी दिवे आणि डोंगरावरच्या बंगल्यांतले शोभेचे झोत पहाटेपर्यंत मालवत नाहीत, आणि ॲटलसच्या दीड आठवड्यातल्या किती रात्री त्यांत खर्ची पडतात याचा हिशेब सोपा आहे.

पाटोणपाड्याकडच्या वाटेवर एका वयस्कर बाईंनी हेच फार थोड्या शब्दांत सांगितले होते. शेळ्या पुढे गेल्या होत्या, त्या मात्र आमच्या वह्या पाहून थांबल्या.

“काय लिहिता गं पोरींनो एवढं?”

“फुलपाखरं मोजतोय, आजी.”

“दिवसाची पाखरं मोजता. रातचे काजवे कोण मोजणार? आमच्या लहानपणी त्या ऐनावर असे लागायचे, की झाड पेटलंय वाटायचं. आता त्या बाजूला दिवेच जळतात रातभर.”

काजव्याची अळी महिनोन्‌महिने ओलसर मातीत राहून गोगलगायी खाते. प्रौढ काजव्याच्या वाट्याला पावसाच्या तोंडचे थोडे दिवस येतात आणि तेवढ्यात नर-मादीने एकमेकांची लुकलुक ओळखायची असते. शेजारी झोत असेल तर ती ओळख पटत नाही. झाड तेच, माती तीच, गोगलगायीही असतील, पण पुढची पिढी नसते. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1994 साली अधिवासनाश आणि जाती नष्ट होणे यांमधल्या कालांतराला नामशेषतेचे कर्ज म्हटले. आज दिसणारी जात आज टिकली आहे, एवढेच तिच्या दिसण्यावरून कळते. तुकड्यात अडकलेले शेवटचे काही जीव वर्षानुवर्षे यादीत हजेरी लावत राहतात, आणि यादी पाहणारा निर्धास्त असतो.

सोसायट्यांच्या आवारातल्या झाडांचा प्रश्न जंगलाच्या मानाने किरकोळ आहे, पण तिथले संभाषण बोधप्रद असते. आमच्या आवारातल्या आंब्यावर बांडगूळ आहे आणि छाटणीवाले आले, की पहिला कोयता त्याच्यावर पडतो. याच बांडगुळाच्या पानांमागे हळदीकुंकू या फुलपाखराची मादी पिवळी अंडी ओळीने घालते; अळ्या घोळक्याने पान खातात, आणि हात लावला तर रेशमी धाग्यावर खाली लोंबकळतात. दुसऱ्या कुळातल्या झाडांवर त्या वाढत नाहीत. बांडगुळाचे चिकट बी फांदीफांदीवर पोहोचवणारा फुलटोचा पक्षीही त्याच फळांवर जगतो. यंदा मी सेक्रेटरींना गाठले.

“काका, सगळे गुच्छ काढू नका. दोन-तीन तरी ठेवा.”

“आणि फांदी वाळून कोणाच्या गाडीवर पडली तर? तुम्ही जबाबदार का, ताई?”

त्यांचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. बांडगुळाचा भार फार झाला तर फांदी खरोखरच वाळते. शेवटी पार्किंगवरच्या फांद्या साफ झाल्या आणि भिंतीकडच्या राहिल्या. एवढी तडजोड सगळीकडे झाली तरी मी समाधानी राहीन.

फुलपाखरू उद्यानांविषयी मात्र माझे मत मिश्र आहे. घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीत मधाच्या फुलांबरोबर अळ्यांच्या खाद्यवनस्पतीही जाणीवपूर्वक लावल्या आहेत, आणि एखाद्या मुलाला पहिल्यांदा अळी, कोश आणि फुलपाखरू यांचा संबंध डोळ्यांनी पाहायला मिळावा, यासाठी त्याहून चांगली जागा या भागात शोधून सापडायची नाही. आपले राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला तो मान 2015 साली मिळाला, तेही लिंबूवर्गीय झाड मिळाले तर बागेत येते. आक्षेप आहे तो उद्यानाचा आकडा जंगलाच्या भरपाईपोटी पुढे करण्याला. बागेत येणारे बहुतेक सारे कडेचे रहिवासी असतात. कुजणारा ओंडका, ओला पाचोळा, कारवीची दाटी आणि काळोख या गोष्टी बागेत लावता येत नाहीत, आणि लावल्या तर कोणीतरी झाडू घेऊन येतो.

गाभ्यात अजून काय आहे, याचा आपल्याला पुरता अंदाजही आलेला नाही. टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या 19 झाडांवर धूर सोडून सुमारे 1,200 जातींचे भुंगेरे खाली पाडले आणि त्यावरून 1982 साली उष्ण कटिबंधातील संधिपाद जीवांच्या जाती 3 कोटी असाव्यात असा हिशेब मांडला. तो आकडा पुढे बराच खाली आणला गेला, पण शास्त्रीय नाव मिळालेल्या कीटकांच्या जाती सुमारे 10 लाख आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक बिननावाच्या, याविषयी कोणी वाद घालत नाही. त्यासाठी पनामालाही जायला नको. मुंबई हल्ल्यात वीरमरण आलेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव ज्याला दिले, तो आयसियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी 2021 साली ठाण्याच्या परिसरातूनच जगापुढे आला. कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. पण त्याचे पोट भरते ते कीटकांवरच.

आमची मोजणी साधी आहे. 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी रूढ केलेली पद्धत: ठरलेली वाट, सारखा संथ वेग, अंगाभोवती पाच मीटरांचा काल्पनिक चौकोन, आणि त्यात येईल तेवढेच मोजायचे. वनखात्याची परवानगी घ्यायची, जाळे न्यायचे नाही, मागे वळून मोजायचे नाही. न दिसलेल्या जातीपुढे शून्य लिहायचे, आणि हा शून्य लिहायला स्वयंसेवकांना शिकवणे सर्वांत जड जाते. जर्मनीतील क्रेफेल्डच्या हौशी कीटकप्रेमींनी 27 वर्षे एकाच प्रकारच्या सापळ्यांतून पकडलेल्या उडत्या कीटकांचे वजन केले नसते, तर संरक्षित क्षेत्रांमध्येही ते वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे 2017 साली जगाला कळले नसते. त्या कंटाळवाण्या नोंदींपुढे आमची वही फारच कोवळी आहे.

या हंगामापासून वहीत दोन रकाने वाढवले आहेत: दिसलेली जात उन्हातली की सावलीतली, आणि तिची खाद्यवनस्पती त्या वाटेवर आहे की नाही. एकूण जातींची बेरीज पानाच्या तळाशी लिहिणे थांबवले आहे, कारण लोक तेवढीच वाचत होते. अडचण एकच उरली आहे. रस्त्याच्या कडेच्या वाटेसाठी नावे भराभर येतात, फोटोही तिथेच चांगले मिळतात. आतल्या वाटेवर डास भरपूर आणि फुलपाखरे जेमतेम, त्यामुळे तिथे स्वखुशीने जायला कोणी राजी नसते. म्हणून सध्या आम्ही गेटाशी जमलो की चिठ्ठ्या टाकतो.